शेजारी नकोसा असेल तर? (शेजाऱ्यावर प्रीती, कळवळा आणि आमच्या जिन्यातले काका)

मोगरी_नगर

नमस्कार मंडळी. आठवडाभर एक प्रश्न डोक्यात घोळतोय, म्हणून धागा काढला.

मी मूळची नगरची, आता पुण्यात. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) दर रविवारी उपासनेआधी मुलांचा वर्ग घेते. गेल्या रविवारी बायबलमधल्या लूकच्या दहाव्या अध्यायातली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक शास्त्री येशूला विचारतो, सार्वकालिक जीवन मिळायला काय करू? उत्तर त्याला पाठच असतं: देवावर संपूर्ण मनाने प्रीती कर आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी. मग तो पुढे विचारतो, पण माझा शेजारी कोण? तेव्हा येशू गोष्ट सांगतो. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या एका माणसाला लुटारू मारून अर्धमेला टाकून जातात. एक याजक (मंदिरातला पुजारी) येतो, बघतो आणि पलीकडच्या बाजूने निघून जातो. मग एक लेवी (मंदिरातला सेवक), तोही तसाच. तिसरा येतो शोमरोनी, म्हणजे यहुद्यांच्या लेखी परका आणि वैरी. त्याला कळवळा येतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी उतारशाळावाल्याला दोन दिनार देतो (एक दिनार म्हणजे एका दिवसाची मजुरी) आणि सांगतो, जास्त खर्च झाला तर परत येताना भरून देईन.

गोष्ट संपल्यावर एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "टीचर, शोमरोनी त्या माणसाला आधीपासून ओळखत असता तर? तो रोज भांडणारा असता तर?"

मी म्हटलं, तरी थांबला असता. पण सांगताना माझाच आवाज बारीक झाला.

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक काका राहतात, आम्ही तिसऱ्यावर. आम्ही राहायला आलो तेव्हा "असल्या लोकांना" फ्लॅट देऊ नये म्हणून कमिटीकडे अर्ज करणारे तेच. नाताळचा तारा गॅलरीत लावला की तक्रार. पार्किंगवरून तर चार वर्षं कटकट. मार्चमध्ये काकू गेल्या. मुलगी बंगळूरला असते. लिफ्ट नाही, गुडघे गेलेत, काका आता कठड्याला धरून पायरीवर बसत बसत उतरतात. आणि मी त्यांना टाळून, भिंतीच्या कडेने झपझप निघून जाते. पलीकडच्या बाजूने.

मला त्यांचा कळवळा येत नाही, खरंच येत नाही. आज्ञा आहे म्हणून कळवळा आणता येतो का? की तो नसतानाही करायचं? आणि तसं केलं तर त्याला प्रीती म्हणायचं का?

कोकणस्थ_कट्टा

प्रामाणिक लिहिलंय. वाचतोय.

बारामतीकर

आपल्याकडे याला शेजारधर्म म्हणतात की. विरजण मागणं, किल्ली ठेवणं, मयताच्या घरी पिठलं-भात पोचवणं. आमच्या चाळीत शेजारी कोण हा प्रश्नच नव्हता, भिंत इतकी पातळ की पलीकडच्या कुकरच्या शिट्ट्या मोजून आई आमचा कुकर बंद करायची.

पण एक फरक मला जाणवतो. शेजारधर्मात परतफेड गृहीत असते. वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम. ताई, तुमच्या गोष्टीतला माणूस वाटी परत करायलाही शुद्धीवर नाही.

सिस्टर_मिरज

मोगरी, मी वीस वर्षं वॉर्डात काढली. रोज चाळीस जणांचा कळवळा येत नाही. आला तर माणूस सहा महिन्यांत मोडतो. तरी ड्रेसिंग वेळेवर होतं, कूस बदलली जाते. कळवळ्याची वाट बघत बसले असते तर पेशंटला बेडसोअर झाले असते.

आमच्या मिरजेत डॉक्टर वानलेस यांनी 1894 साली मिशनचं रुग्णालय उभं केलं. माझी आजी तिथेच दाई म्हणून तयार झाली. ती म्हणायची, आधी हात धू, मग मनाचं बघू.

अनुनासिक

सिस्टर, "आधी हात धू" फार आवडलं. पण मूळ शब्दाकडे बघितलं तर गोष्ट थोडी वेगळी दिसते. मला ग्रीक जुजबी येतं. लूकने इथे वापरलेलं क्रियापद 'स्प्लांखना' या शब्दापासून बनलंय, म्हणजे आतडी, पोटातले अवयव. शब्दशः म्हणजे शोमरोन्याच्या पोटात तुटलं. मराठीत आपण नेमकं हेच म्हणतो: आतडं पिळवटलं, पोटात कालवलं.

लूक हे क्रियापद तीनच ठिकाणी वापरतो. नाईन गावच्या विधवेचा एकुलता मुलगा तिरडीवर असतो, तिला पाहून येशूला. उधळ्या मुलाला लांबून येताना पाहून बापाला. आणि इथे. तिन्हीकडे आधी पाहणं आहे, मग पोटात तुटणं, मग लगेच काहीतरी करणं.

अवांतर: मराठी बायबलमध्ये 'कळवळा' आणि 'प्रीती' हे दोन्ही शब्द आहेत. तुकोबांच्या 'कळवळ्याची जाती'च्या ओळीतही हे दोन शब्द शेजारी शेजारी आहेत, मध्ये 'लाभावीण' घेऊन. बारामतीकरांच्या वाटीचं उत्तर त्या एका शब्दात आहे असं मला वाटतं.

मोगरी_नगर

@अनुनासिक, आधी पाहणं, हे मनात राहिलं. मी काकांकडे पाहतच नाही. कदाचित जवळ गेलं की कळवळा येत असावा.

अनुनासिक

तसं म्हणावंसं वाटतं खरं, पण लूक ती पळवाट ठेवत नाही. लेवीसुद्धा त्या जागेपर्यंत आला, त्याने पाहिलं आणि मग गेला. जवळ जाऊनही माणूस कोरडा राहू शकतो.

धावपळ_धावपळ

यावर एक प्रयोग झालाय. 1973 मध्ये डार्ली आणि बॅट्सन या दोन मानसशास्त्रज्ञांनी तो छापला. प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षण घेणाऱ्या 40 विद्यार्थ्यांना एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत भाषण द्यायला पाठवलं. काहींना विषय दिला होता हाच, चांगला शोमरोनी. वाटेत दारात एक माणूस वाकून, खोकत, कण्हत बसवला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं त्यांच्यापैकी 63 टक्के थांबले. मधल्या गटात 45. "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांत फक्त 10 टक्के. भाषणाचा विषय कोणता होता याने फारसा फरक पडला नाही.

हे वाचल्यापासून मी याजकाला दुष्ट म्हणणं सोडलं. त्याला कुठेतरी पोचायचं असेल. ताई, तुम्ही जिन्यात 'झपझप' निघून जाता असं लिहिलंय. ऑफिसला दहा मिनिटं लवकर निघून बघा.

सडेतोड

मी वेगळा सूर लावतो, राग मानू नका. मिशनऱ्यांच्या कळवळ्यामागे धर्मांतराचा हिशोब असायचा. दुष्काळात भाकरी द्यायची आणि पाठोपाठ बाप्तिस्मा. मग 'लाभावीण' कुठे राहिलं?

मोगरी_नगर

@सडेतोड, राग नाही. हा प्रश्न आमच्या घरातही होतो.

पंडिता रमाबाईंचंच बघा. त्यांनी विधवांसाठी काढलेल्या शारदासदनावर धर्मांतराचा आरोप झाला, 1893 मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. तो वाद खरा होता आणि त्या माणसांचं दुखणंही खरं होतं. पण त्याच रमाबाई 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि रस्त्यावर पडलेल्या मुली गोळा करून आणल्या. त्यांनी स्वतः तरुणपणी दुष्काळातच आई, वडील आणि बहीण गमावली होती. ते पोटात तुटणं हिशोबातून आलं असेल असं मला वाटत नाही. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये अनेक मुली ख्रिस्ती झाल्या, हेही खरं.

गोष्टीपुरतं बोलायचं तर शोमरोन्याने त्या माणसाला आपल्या लोकांच्या पवित्र गरिज्जीम डोंगरावर येऊन उपासना कर असं सांगितलेलं नाही. त्याचं नावही विचारलं नाही. बिल भरलं आणि आपल्या कामाला गेला. जिथे आमच्या लोकांनी याहून जास्त काही मागितलं तिथे ते चुकले, असं मी ख्रिस्ती म्हणूनच म्हणते.

सडेतोड

हे सरळ उत्तर आहे. धन्यवाद. माझा आक्षेप पूर्ण गेला नाही, पण तुमच्याशी भांडण नाही.

शनवार_तेली

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी यहुद्यांपैकी. आजोबा रायगड जिल्ह्यातले, मी इस्राएलमधल्या अश्दोदला वाढलो, घरात अजून मराठी. दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, त्या रस्त्याची. यरुशलेम समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या वर आणि यरीहो समुद्रसपाटीच्या अडीचशे मीटर खाली. पंचवीसेक किलोमीटरात एक हजार मीटरचा उतार, तुमच्या बोरघाटापेक्षाही खोल. आता मोठा हायवे आहे. बाजूला तांबडट खडक, उजाड टेकड्या. वाटेत 'चांगल्या शोमरोन्याची उतारशाळा' म्हणून जागा दाखवतात, तिथे जुन्या मोझेइकचं संग्रहालय आहे. मे महिन्यात तिथे पाच मिनिटं उन्हात उभं राहिलं की कळतं, अर्धमेला माणूस संध्याकाळपर्यंत टिकला नसता.

दुसरी गोष्ट मनाला लागणारी. ही गोष्ट सांगताना पुष्कळदा यहुदी धर्म म्हणजे कोरडे नियम आणि प्रेम फक्त येशूकडे, असं चित्र काढतात. शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम कर हे वचन तोराहमधलंच, म्हणजे आमच्या धर्मग्रंथातलंच, लेवीय 19:18. त्याच अध्यायात पुढे 34 व्या ओळीत परक्यावरही स्वतःसारखं प्रेम कर असं आहे, कारण तुम्हीही मिसरात (इजिप्तमध्ये) परके होता. 'प्रेताचा विटाळ होईल म्हणून याजक थांबला नाही' असंही सांगतात. लूकमध्ये ते कारण लिहिलेलं नाही. शिवाय तो यरुशलेमहून खाली उतरत होता, मंदिराकडे चालला नव्हता. आणि आमच्या परंपरेत बेवारस प्रेत दिसलं तर खुद्द महायाजकानेही विटाळ पत्करून ते पुरायचं असतं. याजक चुकला तो आमच्याच नियमाने.

शोमरोनी आजही आहेत, हजाराहून कमी. काही गरिज्जीमवर, काही तेल अवीवजवळ होलोनला. शेजारीच म्हणायचे.

मोगरी_नगर

@शनवार_तेली, तुमचे शतशः आभार. विटाळाचं कारण मी स्वतः मुलांना सांगितलंय. येत्या रविवारी दुरुस्त करते.

वसईची_सुकेळी

धागा सुंदर चाललाय. आम्ही वसईचे कॅथलिक. लहानपणी ईस्टरआधीच्या तपःकाळात भुकेल्यांना जेवण, आजाऱ्यांची भेट, मेलेल्यांना मूठमाती अशी दयेची कामं आजी बोटांवर मोजून घ्यायची.

पण मला मोठेपणी कळवळ्याचा दुसरा अर्थ फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी शिकवला. 2024 मध्ये गेले ते. हरित वसईच्या चळवळीत ते पाण्यासाठी, झाडांसाठी उभे राहिले. विहीर आटली तर शेजाऱ्यावर प्रीती नुसत्या मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) कशी करणार? एका जखमीला पट्टी बांधणं हे काम आहेच, पण त्या रस्त्यावर रोज लुटारू बसत असतील तर रस्ताही बघायला हवा.

शेवगावकर

आता मी बोलतो. बराच वेळ नुसता वाचत होतो.

इथे सगळे स्वतःला शोमरोन्याच्या किंवा याजकाच्या जागी ठेवताहेत. माझा पणजा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाला, त्याआधी आम्ही गावकुसाबाहेरचे. आमच्या घरात ही गोष्ट सांगायची पद्धत उलटी होती. आजी विचारायची, रस्त्यात पडलेला माणूस शुद्धीवर आला आणि त्याने बघितलं की आपल्या तोंडाला पाणी लावणारा शोमरोनी आहे, तर? पिईल का तो? योहानाच्या चौथ्या अध्यायात विहिरीवरची शोमरोनी बाई येशूला हेच विचारते ना, तू यहुदी, माझ्याकडे पाणी कसं मागतोस? आजीला ते समजावून सांगायला कुणी पंडित लागला नाही.

जामखेडचं उदाहरण देतो. डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे, दोघे ख्रिस्ती, वेल्लोरला शिकलेले. 1970 मध्ये त्यांनी जामखेडला काम सुरू केलं. लोकांना आधी औषध नको होतं, पाणी आणि अन्न हवं होतं, तर त्यांनी तिथून सुरुवात केली. हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा ते दलित वस्तीत बसतील असं बघितलं. ज्यांना पाणी हवं त्यांनी तिथे यायचं. दुष्काळात आले. मला तो हातपंप त्या उतारशाळेइतकाच मोठा वाटतो. पुढे त्यांनी गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं, त्यात कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित. त्यांच्या हातून बाळंतपणं झाली, सगळ्या घरांत.

आणि एक कडू. चर्चमध्येही जात आहे. लग्न जमवताना आहे, काही राज्यांत तर कबरस्तानात भिंत आहे. मूळची अमुक घराणी आणि तमुक घराणी हे आमच्याकडेही कानात बोललं जातं. सरकारी कागदावर 1950 च्या आदेशामुळे ख्रिस्ती झाला की अनुसूचित जातीत धरत नाहीत, आणि गावात मात्र जुनंच धरतात. त्यामुळे शेजाऱ्यावर प्रीती कर हे ऐकलं की मला आधी विचारावंसं वाटतं, शेजारी बसू देणार का?

बारामतीकर

शेवगावकर, तुमच्या आजीचा प्रश्न वाचून मी फोन खाली ठेवला. आमच्या चाळीच्या आठवणी मी फार गोडीने लिहिल्या. ती वाटी कुणाकुणाच्या घरी जात नव्हती, तेही मला आठवतंय.

अनुनासिक

हे माझ्या ग्रीकपेक्षा मोलाचं. आणि एक जोड. याच लूकमध्ये, एकच अध्याय आधी, एक शोमरोनी गाव येशूला मुक्कामाला घेत नाही. त्याचे शिष्य याकोब आणि योहान भडकतात, आकाशातून अग्नी पाडू का विचारतात. येशू त्यांना दटावतो आणि दुसऱ्या गावाला जातो. म्हणजे ज्यांनी त्याला दारातून परत लावलं, त्यांच्यातलाच एक माणूस तो पुढच्याच अध्यायात गोष्टीचा नायक करतो. मोगरी, तुमच्या वर्गातल्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर कदाचित इथे आहे. रोज भांडणाऱ्याच्या हातून आपल्याला मदत घ्यावी लागली तर, असं येशू विचारतोय.

हायवे_पाटील

मी ट्रान्सपोर्टमध्ये आहे. शास्त्रातलं फार कळत नाही, रस्त्यावरचं सांगतो. अपघात झाला की लोक व्हिडिओ काढतात, हात लावत नाहीत. पोलिसांची भीती. ती भीती आता ठेवू नका. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण दिलं आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आलं. चांगल्या हेतूने मदत केलीत तर जखमीला काही झालं म्हणून तुमच्यावर खटला भरता येत नाही, नाव सांगायची सक्तीही नाही. कायद्याच्या इंग्रजी मजकुरात या माणसाला 'गुड समॅरिटन'च म्हटलंय. याच गोष्टीतला शोमरोनी, हे मला आज कळलं.

माझ्या ड्रायव्हरांना मी एवढंच सांगितलंय: गाडी बाजूला घे, 108 लाव, पाणी पाजायची घाई करू नको, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत जवळ बस. उशीर झाला तर मालाचं मी बघतो.

धावपळ_धावपळ

पाटील, "उशीर झाला तर मालाचं मी बघतो" यानेच 10 चे 63 टक्के होतात.

सिस्टर_मिरज

आणि उतारशाळावाल्याचं कुणी नाव घेत नाही. शोमरोनी दुसऱ्या दिवशी गेला. पुढचे दिवस घाण कुणी काढली, भरवलं कुणी? मला लहानपणापासून तोच आपला वाटतो. शोमरोन्याने सगळं एकट्याने अंगावर घेतलं नाही, पैसे मोजून दुसऱ्याला सोबत घेतलं. मोगरी, तूही घे. काकांच्या मुलीचा नंबर मिळव आधी.

मोगरी_नगर

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. सगळे प्रतिसाद दोनदा वाचले.

दहा मिनिटं लवकर निघायला लागले. पहिल्या दिवशी काका पायरीवर बसले होते. मी दोन पायऱ्या सोडून बसले आणि विचारलं, काका, काही आणायचंय का? म्हणाले, "नको." दुसऱ्या दिवशीही नको. शनिवारी डबा घेऊन गेले, तर दारातूनच म्हणाले, "तुमच्याकडचं आम्ही खात नाही." शेवगावकर, तुमच्या आजीची फार आठवण झाली. खरं सांगते, डबा घेऊन वर आले आणि रडले, ते त्यांच्यासाठी नाही, अपमान झाला म्हणून.

सोमवारी त्यांनीच हाक मारली. औषधांची चिठ्ठी पुढे केली, पाचशेची नोट दिली. मी आणून दिली. त्यांनी बिल तपासलं, सुटे मोजले आणि म्हणाले, "बरोबर आहे." तेवढंच. तेव्हापासून चिठ्ठी माझ्याकडे येते. मुलीचा नंबर मिळाला, ती दर रविवारी मला फोन करते. पार्किंगची तक्रार त्यांनी मागे घेतलेली नाही.

पोटात तुटलं का? परवा एकदा. चिठ्ठीत काकूंची बीपीची गोळी अजून लिहिलेली होती. मी विचारलं, काका, ही कशाला? म्हणाले, "सवयीने लिहिली." दुकानदाराला ती ओळ गाळायला सांगताना माझ्या घशात आवंढा आला. कळवळा म्हणतात तो हाच असेल तर आला, पण आधी कितीतरी दिवस चिठ्ठ्या नेल्या.

वर्गातल्या त्या मुलाला हे सगळं सांगितलं, काकांचं नाव न घेता. त्याने विचारलं, "डबा परत नेऊन बघितला का?"

शेवगावकर

पोराला माझा नमस्कार सांगा. डबा नेत राहा, पण ते घेतीलच असं धरून नेऊ नका.

सडेतोड

वाचलं. माझ्या वरच्या मजल्यावरही एक आजी एकट्या असतात. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही. आज विचारतो.

सिस्टर_मिरज

मोगरी, त्यांना जिना उतरवताना मागे राहू नकोस. त्यांच्या पुढे एक पायरी खाली राहा, थोडी बाजूला, आणि त्यांचा एक हात कठड्यावरच राहू दे. तोल गेला तर पुढे जातो. चपला बंद टाचेच्या घ्यायला सांग.

मोगरी_नगर

हो सिस्टर, लक्षात ठेवते. उद्या अकराला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ आहे, रिक्षा सव्वादहाला सांगितलीय. नवरा फाटकाशी थांबणार आहे, म्हणजे शेवटच्या तीन पायऱ्यांना दोघं असू.